पटकीच्या जंतूची वंशावळ

पटकी, मरी, वाखा, कॉलरा अशा निरनिराळ्या नांवांनीं ज्या रोगाची आपल्या पणजोबांच्या पिढीला धास्ती वाटे, त्या रोगासंबंधीं आज मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मरीआईचें ठाणें नाहीं असें गांव देशावर क्वचितच सांपडेल. आणि यात्रेला निघालेल्या माणसाला पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हेंहि आपल्यापैकीं वडील मंडळींना आठवत असेल. असा हा रोग फार जुना आहे. परंतु त्याचा जंतु मात्र जुना राहिलेला नाहीं. तो वेष पालटतो, नवीं शस्त्रें मिळवितो, आणि ज्या देशांत कित्येक पिढ्यांनीं त्याचें दर्शनहि घेतलेलें नसतें तेथें एकाएकीं प्रकट होतो. असा तो कोठें प्रकट झाला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो : हा आला कोठून ? पूर्वीं या प्रश्नाला तर्कानें किंवा अफवेनें उत्तर मिळे. आतां तें जंतूच्या अंगांतील अक्षरें वाचून मिळूं लागलें आहे. हीं अक्षरें वाचणें म्हणजे काय, त्यापासून काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, हें वेस्ट इंडीजमधील हैती या देशांत २०१० सालीं घडलेल्या एका दुःखद प्रसंगाच्या आधारानें आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम या जंतूचीच ओळख करून घेऊं. स्वल्पविरामासारखा किंचित् वांकडा, शेपटीच्या जोरावर पाण्यांत वेगानें पोहणारा असा हा सूक्ष्म जीव आहे. इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यानें १८५४ सालीं तो सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिला. त्याच वर्षीं लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यानें ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचें पाणी पिणारांतच पटकी कशी फैलावली हें घरोघर हिंडून दाखविलें, आणि रोग हवेंतून नव्हे तर पाण्यांतून येतो हें मत पुढें आणलें. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास या जंतूची शुद्ध वाढ करून त्याचा आणि रोगाचा संबंध निश्चित केला. जंतु आंतड्यांत विष सोडतो आणि त्या विषानें शरीरांतील पाणी निघून जातें, ही गोष्ट १९५९ सालीं कलकत्त्याच्याच शंभुनाथ दे यांनीं प्रयोगानें सिद्ध केली. म्हणजे या रोगाच्या इतिहासांतील दोन मोठे टप्पे आपल्याच देशांत गांठले गेले आहेत.

यापुढील शोध अधिक चमत्कारिक आहे. १९९६ सालीं अमेरिकेंतील वाल्डॉर व मेकलॅनॉस या दोघां शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, हें विष तयार करण्याची कला जंतूची स्वतःची नाहींच. जंतूच्या अंगांत शिरणाऱ्या एका विषाणूनें ती त्याला आणून दिलेली आहे. जंतूंच्या जगांत अशी देवघेव नित्य चालते. म्हणूनच जुनाच जंतु अधूनमधून नवा होऊन येतो. १९६१ पासून जी सातवी जगव्यापी साथ सुरू झाली तिचा जंतु ‘एल टोर’ जातीचा आहे. आणि पुढील काळांत या जातीच्या कांहीं घराण्यांनीं पूर्वींच्या अधिक तीव्र जातीच्या विषासारखें विषहि आत्मसात् केलें आहे. हैतींत उतरला तो असाच एक नव्या शस्त्रांचा जंतु होता.

आतां अक्षरांकडे वळूं. प्रत्येक जीवाच्या पेशींत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्याचा एक अतिसूक्ष्म धागा असतो. त्या धाग्यावर चार प्रकारचे रासायनिक मणी एकापुढें एक ओंवलेले असतात. त्यांना ए, टी, जी, सी अशीं चार अक्षरें कल्पिलीं आहेत. आपल्या बाराखडीच्या मानानें ही वर्णमाला फारच दरिद्री. पण या चारच अक्षरांत त्या जीवानें कसें वाढावें, काय खावें, कोणतें विष तयार करावें हें सारें लिहिलेलें असतें. या संपूर्ण लेखाला ‘जीनोम’ म्हणतात आणि त्यांतील अक्षरांचा क्रम ठरविणें याला क्रमवाचन म्हणूं. पटकीच्या जंतूचा पहिला संपूर्ण लेख २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे दोन खंड आहेत. एकांत सुमारें २९ लक्ष ६१ हजार आणि दुसऱ्यांत सुमारें १० लक्ष ७२ हजार अक्षरें. दर पानावर दोन हजार अक्षरें धरलीं तर दोन हजार पानांचा ग्रंथ होईल. आणि तो मावला आहे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका देहांत!

हा ग्रंथ वाचतात कसा ? रोग्याच्या मलांतून जंतु वेगळे काढून त्यांची वाढ करितात. मग त्यांच्या शरीरांतील डी. एन. ए. स्वच्छ करून घेतात. सामान्यतः सबंध धागा एका दमांत वाचतां येत नाहीं. म्हणून त्याचे असंख्य लहान तुकडे करावे लागतात, आणि यंत्र एकेका तुकड्यावरील अक्षरें वाचून त्यांची नोंद करितें. अशी कल्पना करा, कीं एका पोथीच्या शंभर प्रती घेऊन त्या प्रत्येक वेगळ्या ठिकाणीं फाडल्या आणि सर्व कपटे एकत्र मिसळले. एका कपट्याचा शेवट दुसऱ्या कपट्याच्या आरंभाशीं जुळवीत गेलें तर पोथी पुन्हा उभी करतां येईल. हेंच जुळविण्याचें काम गणकयंत्र करितें. एकच ओळ पुष्कळ कपट्यांवर आल्यामुळें यंत्राच्या वाचनांत झालेली चूकहि ओळखूं येते. ज्या कामास पूर्वीं वर्षें लागत तें आज थोड्या दिवसांत होतें, आणि कांहीं वाचकयंत्रें तर मुठींत मावतील एवढीं लहान निघालीं आहेत.

आतां प्रश्न असा कीं, एवढीं अक्षरें वाचून जंतूचा गांव कसा कळावा ? येथें मला माझ्या जुन्या व्यवसायाचा आधार घेऊं द्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक मास्तराला एक गोष्ट ठाऊक असते. दोन मुलांचीं उत्तरें बरोबर आलीं आणि सारखीं आलीं, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. दोघांनींहि अभ्यास केला असेल. परंतु दोघांनीं एकाच ठिकाणीं एकच विचित्र चूक केली असेल, तर एकानें दुसऱ्याचें पाहिलें, किंवा दोघांनीं तिसऱ्याचें पाहिलें, हें उघड होतें. नक्कल ओळखूं येते ती बरोबर उत्तरांवरून नव्हे, सारख्या चुकांवरून. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली तेव्हां देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेलीं हस्तलिखितें ताडून पाहतांना हेंच तत्त्व वापरावें लागलें. लेखकाच्या हातून एकदां झालेला पाठभेद त्याच्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत जातो. आणि म्हणून पाठभेद जुळवून प्रतींचीं घराणीं लावतां येतात.

जंतु वाढतो तोहि आपल्या ग्रंथाची नक्कल करूनच. एकाचे दोन होतांना चाळीस लक्ष अक्षरें पुन्हा लिहावीं लागतात. त्यांत क्वचित् एखादें अक्षर चुकतें, आणि ती चूक पुढील पिढ्यांत तशीच उतरते. सातव्या साथीचे निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या वर्षीं जमविलेले १५० हून अधिक जंतु वाचून २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं असें मान काढलें कीं, या घराण्यांत वर्षाला सरासरी तीन-चार अक्षरें बदलतात. याचा अर्थ ध्यानांत घ्या. दोन जंतूंच्या लेखांत शंभर अक्षरांचा फरक असेल तर त्यांचा समाईक पूर्वज कित्येक वर्षांमागें होऊन गेला. आणि फरक एकदोन अक्षरांचाच असेल तर त्यांची ताटातूट अगदीं अलीकडे, फार तर थोड्या महिन्यांपूर्वीं झाली. जंतूच्या अंगांतील चुका म्हणजे एक प्रकारचें पंचांगच होय. याच संशोधनांत असेंहि दिसलें कीं, ही साथ बंगालच्या उपसागराच्या कांठावरून निदान तीन लाटांनीं जगभर गेली.

आतां हैतीकडे जाऊं. १२ जानेवारी २०१० रोजीं या गरीब देशाला मोठ्या भूकंपाचा तडाखा बसला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली आणि लक्षावधि लोक तंबूंत राहूं लागले. अशा ठिकाणीं साथ येईल अशी भीति होतीच. परंतु साथ आली ती राजधानीच्या तंबूंत नव्हे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यांतील खेड्यांत एकाएकीं शेंकडों माणसें जुलाब-वांतीनें आडवीं पडूं लागलीं. सकाळीं शेतावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीं दगावूं लागला. २१ ऑक्टोबरला तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें ही पटकीच असल्याचें निश्चित केलें. निदान शंभर वर्षांत त्या देशांत पटकीची नोंद नव्हती. लोकांना रोगाचें नांव ठाऊक नव्हतें, वैद्यांना अनुभव नव्हता, आणि शरीरांत प्रतिकारशक्तीहि नव्हती. आर्तिबोनित ही त्या देशाची सर्वांत मोठी नदी. तिच्याच पाण्यावर भातशेती, तेंच धुण्याला आणि पुष्कळांना तेंच पिण्याला. त्यामुळें नदीच्या वाटेनें रोग समुद्रापर्यंत गेला आणि तेथून सर्व देशभर पसरला.

या नदीला मिळणाऱ्या मेय नांवाच्या लहानशा ओढ्याच्या कांठीं, मिरबाले गांवाजवळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांची एक छावणी होती. त्या महिन्यांत तेथें नेपाळहून नवी तुकडी येऊन दाखल झाली होती. आणि नेपाळांत त्याच सुमारास पटकीची साथ होती. छावणीच्या संडासांचें पाणी ओढ्यांत जातें अशी गांवांत बोलवा झाली. हा हा म्हणतां संशय पेटला, दगडफेक झाली, दंगे झाले. इकडे छावणीच्या बाजूनें या गोष्टीचा इन्कार होत राहिला. कांहीं विद्वानांनीं असेंहि मत दिलें कीं, हा जंतु त्या किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्यांत पूर्वींपासून निद्रिस्त असावा, आणि भूकंप व उष्ण हवामान यांमुळें तो जागा झाला असावा. ही कल्पना अगदींच निराधार नव्हती, कारण पटकीचा जंतु समुद्रकांठच्या पाण्यांत खरोखरच राहूं शकतो. साथीचें मूळ शोधीत बसण्यापेक्षां रोग्यांकडे पाहा, असेंहि कित्येक म्हणत. पण ज्या घरांतून एकदम दोन-दोन प्रेतें निघालीं त्या घरांतील माणसाला हें आलें कोठून असें विचारण्याचा अधिकार नाहीं असें कोण म्हणेल ?

तीन साक्षी क्रमाक्रमानें पुढें आल्या. पहिली साक्ष पायीं हिंडून मिळविलेली होती. फ्रान्सचे रेनो पियारू यांनीं नोव्हेंबरमध्यें त्या देशांत जाऊन, स्थानिक डॉक्टरांच्या मदतीनें, कोणत्या गांवीं कोणत्या दिवशीं किती माणसें आजारी पडलीं याचा नकाशा तयार केला. साथीचा उगम मेय ओढ्याच्या कांठीं, छावणीच्या खालच्या अंगाला आहे, समुद्रकांठीं नाहीं, असें त्यावरून दिसून आलें. जॉन स्नोचीच ही पद्धति.

दुसरी साक्ष अक्षरांची. डिसेंबर २०१० मध्यें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं हैतीच्या दोन जंतूंचे संपूर्ण लेख वाचून प्रसिद्ध केले. त्यांनीं ते दक्षिण अमेरिकेंतील १९९१ च्या साथीच्या जंतूशीं आणि बांगला देशांतील २००२ व २००८ सालच्या जंतूंशीं ताडून पाहिले. जंतु शेजारच्या समुद्रांतून आला असता तर तो शेजाऱ्यासारखा असता. पण तो निघाला दक्षिण आशियांतील अलीकडच्या घराण्याचा. तथापि दक्षिण आशिया केवढा मोठा ! बांगला देश, भारत, पाकिस्तान, नेपाळ, यांपैकीं नेमकें कोठलें, हें त्यावरून सांगतां येत नव्हतें. संयुक्त राष्ट्रसंघानें नेमलेल्या चौघां तज्ज्ञांच्या समितीनें मे २०११ मध्यें आपला निकाल दिला. या चौघांत भारताचे जी. बालकृष नायर हेहि होते. मानवी मैल्यानें मेय ओढा दूषित होऊन साथ उद्भवली आणि जंतु दक्षिण आशियाचा आहे, हें समितीनें स्पष्ट सांगितलें. छावणीची मैलापाण्याची व्यवस्था अपुरी असल्याचेंहि नमूद केलें. परंतु अनेक कारणांचा मेळ पडून ही आपत्ति आली, ती कोणा एका गटाचा वा व्यक्तीचा दोष नव्हे, असा शेवट केला.

तिसरी साक्ष ऑगस्ट २०११ मध्यें आली, आणि ती देण्यांत नेपाळच्याच सरकारी आरोग्य प्रयोगशाळेचा वाटा होता, ही गोष्ट मला विशेष गौरवाची वाटते. २०१० च्या जुलैअखेरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत नेपाळांत जमविलेले २४ जंतु त्या प्रयोगशाळेनें दिले, आणि डेन्मार्क व अमेरिका येथील शास्त्रज्ञांबरोबर ते वाचले गेले. त्यांतील एका लहानशा गटाचे लेख हैतीच्या जंतूंच्या लेखांशीं ताडले तेव्हां चाळीस लक्ष अक्षरांत फरक निघाला तो एकदोन अक्षरांचा ! वर्षाला तीन-चार अक्षरांचें मान मघाशीं मीं सांगितलें तें आठवा. म्हणजे हे जंतु थोड्याच काळापूर्वीं एका घरांतून निघालेले भाऊ होत. आपल्या देशाला कमीपणा आणूं शकेल अशी वस्तु हातीं असतांना ती न लपवितां शास्त्रापुढें ठेवणें याला धैर्य लागतें. या पुराव्यानंतर २०१३ सालीं समितीच्या त्याच चौघां सभासदांनीं स्वतंत्र लेख लिहून, साथीचें मूळ बहुतेक त्या छावणींतच होतें असें मत प्रकट केलें. जुनें मत नव्या पुराव्यापुढें बदलणें हेंहि शास्त्राचेंच शील आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अक्षरें नातें सांगतात. अपराध सांगत नाहींत. दोन जंतु भाऊ आहेत हें त्यांवरून कळतें, पण कोणत्या माणसाबरोबर, कोणत्या दिवशीं, कोणत्या नळींतून ते पाण्यांत गेले हें कळत नाहीं. तें ठरविण्यास गांवोगांवचा नकाशा, तारखा आणि ओढ्याची दिशा यांचीच साक्ष लागते. पियारू यांचा नकाशा नसता तर अक्षरें मुकीं राहिलीं असतीं, आणि अक्षरें नसतीं तर नकाशावर वाद चालूच राहिला असता. शिवाय पटकीचा जंतु पोटांत असलेल्यांपैकीं बहुतेकांना रोगाचें कांहींच लक्षण होत नाहीं. तेव्हां ज्या कोणा सैनिकाबरोबर तो गेला असेल त्याला स्वतःलाहि तें ठाऊक नसण्याचाच संभव अधिक. दोष द्यावयाचा तो त्या अजाण माणसाला किंवा त्याच्या देशाला नव्हे. मैलापाणी ओढ्यांत जाऊं देणारी व्यवस्था, आणि नदीशिवाय दुसरें पाणी मिळूं न देणारें दारिद्र्य, हे खरे अपराधी.

या सत्याचा उच्चार व्हावयास किती काळ लागला पाहा. १ डिसेंबर २०१६ रोजीं, म्हणजे सहा वर्षांनीं, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की मून यांनीं, साथ व तिचा प्रसार यांच्या बाबतींत आमच्याकडून पुरेसें कांहीं झालें नाहीं अशी कबुली देऊन हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. २०१९ पर्यंत सुमारें ८ लक्ष २० हजार लोकांना या रोगानें पछाडलें आणि दहा हजारांच्या जवळपास माणसें दगावलीं. फेब्रुवारी २०१९ नंतर साडेतीन वर्षें निश्चित झालेला एकहि रोगी आढळला नाहीं. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्यें साथ पुन्हा उद्भवली. पुन्हा अक्षरें वाचलीं गेलीं, आणि हा कोणी नवा पाहुणा नसून २०१० च्या जंतूचाच वंशज आहे असें दिसून आलें. कोठेंतरी पाण्यांत किंवा कोणाच्या तरी पोटांत तो दबा धरून बसला होता.

मग या विद्येचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग पुष्कळ आहे. जंतु बाहेरून आला कीं घरचाच आहे, त्यानें नवें विष कमावलें आहे काय, कोणत्या औषधांना तो दाद देणार नाहीं, हें साथीच्या आरंभींच कळूं लागलें तर उपाययोजना त्याप्रमाणें करतां येते. आणि अफवेनें जेथें निरपराध माणसावर दगड पडले असते तेथें पुरावा बोलूं लागतो. पण चाळीस लक्ष अक्षरें वाचल्यानें पाण्याचा एक हंडाहि शुद्ध होत नाहीं. जंतूचें कुळ कळलें तरी रोग्याला वांचविण्याचा उपाय तोच राहतो : गेलेलें पाणी भरून काढणें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ व सोडा यांचें पाणी पाजून असंख्य रोगी वांचविले. तें साधें मिश्रण आजहि पहिलें औषध आहे. आणि रोग न होऊं देण्याचा उपायहि १८५४ पासून ठाऊक असलेलाच : पिण्याचें पाणी आणि मैलापाणी यांची गांठ पडूं न देणें.

आपण शहरांत राहणारीं माणसें. नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें, म्हणून हा विषय दूरचा वाटेल. परंतु रस्त्याखालीं पाण्याचा नळ आणि गटाराचा नळ कित्येकदां शेजारींशेजारींच असतात, आणि नळांत पाण्याचा जोर नसतांना फुटलेल्या सांध्यांतून बाहेरची घाण आंत ओढली जाते. पाणी गढूळ आलें, त्याला वास आला, तर पालिकेस कळविण्याचा आळस करूं नये. संशय असेल तेव्हां पाणी उकळून घ्यावें. घरांत कोणास तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले तर साखर-मिठाचें पाणी देत देतच त्याला दवाखान्यांत न्यावें, आणि ही गोष्ट शेजाऱ्यापासून लपवूं नये. हैतींत झालेल्या हानीला जंतु जितका कारण झाला तितकीच त्याचें मूळ कबूल करण्यास झालेली दिरंगाईहि लोकांच्या विश्वासाला मारक ठरली. जंतु आपल्या अंगावर आपला सर्व प्रवास लिहून ठेवतो आणि वाचणाराला तो खरा सांगतो. माणसानें निदान तितकें खरें बोलावें, आणि वेळेवर बोलावें.